धामणीचा झेला

खंडेनवमीला आमच्या घरी पाटावर जे काही मांडले जाते, ते पाहून नवख्या माणसाला हसू आवरत नाही. विळी, अडकित्ता, सूनबाईंची शिवणाची कात्री, मुलाचे पाने-पकडी, आणि या सगळ्यांच्या मधोमध तेलाने उजळलेली एक लाकडी वस्तू: हातभर दांडा, त्याला पाण्याच्या थेंबाच्या आकाराची कड, आणि त्या कडेला लोंबणारी सुती जाळीची झोळी. जाळीचा रंग आता सायीसारखा झाला आहे. उजव्या अंगाची चार घरे मात्र हळदीच्या डागासारखी पिवळसर आहेत. गेल्या वर्षी शेजारी नव्याने राहायला आलेल्या बाईंनी मोठ्या आदराने विचारले, "आजी, तरुणपणी तुम्ही बॅडमिंटन खेळत होता का?" मी म्हटले, "नाही हो, मी मासे झेलत होते." त्यांनी माझ्या हातातल्या जपमाळेकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि प्रसादाची वाटी घेऊन त्या मुकाट्याने घरी गेल्या. त्यांना जे सांगायचे राहून गेले, ते येथे सांगते.

आम्ही कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहत असू. घर लहान, तीन खोल्यांचे, मागे परसू आणि परसवाच्या पलीकडे कमरेइतकी भिंत. माझे वडील, नाना, शाळेत संस्कृत शिकवीत आणि सुट्टीत गावोगावी पुराण सांगत. मुलगा नाही म्हणून त्यांनी खंत केली नाही. जे मुलाला शिकवायचे ते सारे मला शिकवले. पहाटे मी स्तोत्रे म्हणत असे, तेव्हा शेजारच्या तालमीतून शड्डू ठोकल्याचे आवाज येत, आणि श्लोकाचा चरण कुठे संपतो आणि पैलवानाची मांडी कुठे वाजते यांचा मेळ कधी कधी असा बसे की, नानाही डोळे न उघडता हसत. मग आई मला तांब्या देऊन कोपऱ्यावरच्या कट्ट्यावर पाठवी. तिथे म्हशी आणून डोळ्यांदेखत धार काढून देत. तांब्यात फेस चढताना जो आवाज होतो, तो आजही एखाद्या नळाखाली भांडे धरले की मला ऐकू येतो. न्याहारीला ज्वारीची भाकरी, ताजे लोणी आणि वाटीभर काकवी. काकवीचे बोट चाटलेले नानांना चालत नसे, आणि आईला ते दिसत नसे.

माझ्याकडे घरातले एक काम खास सोपवलेले होते. श्रावणी पौर्णिमेला नाना आपले जानवे बदलीत, आणि आपल्या पंधरा-वीस शिष्यांना व आप्तांना स्वतः जानवी देत. त्या जानव्यांचे सूत घरच्या मुलीने कातलेले असावे असा आमच्याकडे रिवाज होता. म्हणून वर्षभर रोज थोडे थोडे सूत मी टकळीवर कातीत असे. त्याचा नेम कडक होता. आधी हात धुवायचे, चूळ भरायची, पूर्वेकडे तोंड करून बसायचे, आणि कातताना नामाखेरीज दुसरे बोलायचे नाही. मी एखाद्या दिवशी घाईत बसले, तर पोथीतून मान वर न करता नाना म्हणत, "सुमती, हात धुतलेस का?" त्यांना न पाहता कसे कळे, कोण जाणे. माझ्या हातचे सूत मऊ, एकसारखे आणि चिवट उतरे. नाना त्याची फार वाखाणणी करीत नसत. पण नवे जानवे घालताना ते एकदा अंगठ्याखालून संथपणे सरकवीत, आणि त्या क्षणासाठी मी वर्षभर कातीत असे.

त्या वर्षी मी मॅट्रिक होऊन कॉलेजात जाऊ लागले होते. नानांच्या पोथी ठेवायच्या लाकडी घडवंचीचा एक पाय निखळला, म्हणून ती घेऊन मी भिंतीपलीकडच्या तातोबा मेस्त्रींकडे गेले. मेस्त्री साठीचे, वामनमूर्ती, कानावर पेन्सिल आणि तोंडात तंबाखू. संस्थानच्या काळात ते गाडीखान्यात होते. बग्ग्यांच्या टपाच्या कमानी वाकवणे हे त्यांचे काम. बग्ग्या गेल्या, संस्थान गेले, हातातली कला मात्र उरली होती. त्यांच्या छपरात लाकडाचा आणि तापल्या पाण्याचा ओलसर, गोड वास कोंडलेला असे. मी वर पाहिले, तर आढ्याला एक विलक्षण वस्तू टांगलेली. दांडा आणि पुढे थेंबासारखी कड. कुठेही सांधा दिसत नव्हता. होमात तूप अर्पण करण्याची जी लाकडी स्रुवा असते, तीच कुणी मोठी करून मधून पोकळ केली आहे, असे मला वाटले. मी हात जोडले.

"नमस्कार कुणाला केलास, अक्का?" मेस्त्रींनी विचारले.

"ही होमाची स्रुवा ना?"

मेस्त्री इतके हसले की, तंबाखू थुंकायला त्यांना बाहेर जावे लागले. "अगं, मासं काढायचा झेला हाय त्यो! आंबं उतरायचा झेला बघितलाईस न्हवं? आंबा भुईवर आपटू ने म्हणून झोळीत घ्यायचा. तसाच ह्यो माशाला."

मग त्यांनी मला बापूसाहेबांची गोष्ट सांगितली. हे बापूसाहेब म्हणजे जंगलखात्यातून निवृत्त झालेले, मेस्त्रींचे जुने स्नेही. "सायबानं म्हातारपणी तुळशीची माळ घातली. मासं खायचं सुटलं, पर धरायचं काय सुटंना. मग करतंय काय, कोंबड्याच्या पिसाची माशी करून गळाला बांधतंय, पाण्यावर नाचवतंय. मासा आला की झेल्यात घेतंय, बघतंय, त्येच्यासंगं दोन शब्द बोलतंय आणि देतंय सोडून. त्येची बायको म्हणती, खुळं झालंय!" बापूसाहेबांसाठी आणि त्यांच्या दोन-चार सोबत्यांसाठी मेस्त्री हे झेले करीत. पोटाची कामे दुपारपर्यंत. चारनंतर हे शौकाचे. "पैसं घेत न्हाय मी ह्येचं. हात मोडून पडू ने म्हणून करतो."

मी घडवंची तिथे ठेवली आणि घरी आले, पण मन तिथेच राहिले. सरळ लाकूड असे गोल होते, आणि गोल झाल्यावर तसेच राहते, यात मला एखाद्या कठीण समासाचा विग्रह सुटावा तसा आनंद झाला होता. दुसऱ्या दिवशी घडवंची झाली का हे विचारायला गेले, तिसऱ्या दिवशी झाली आहे हे ठाऊक असून गेले. चौथ्या दिवशी मेस्त्रींनीच रंधा माझ्या हातात दिला. "नुसती बघत हुबारू नगंस. वड."

धामण नावाचे एक झाड आमच्या पश्चिमेच्या रानात होते. त्याचे लाकूड लवचीक. कावडीचे दांडे, पूर्वी धनुष्ये त्याची करीत. मी आईला हर्षाने सांगितले, "मेस्त्री उद्या धामण आणणार आहेत," तर ती पाट घेऊन उभीच राहिली. तिला वाटले, साप. त्या लाकडाच्या लांब पट्ट्या रंध्याने तासायच्या, चार पोस्टकार्डे एकावर एक ठेवावीत इतक्याच जाडीच्या. मग पत्र्याच्या लांब डोणीत उकळत्या पाण्यात त्या बुडवून ठेवायच्या. किती वेळ, तर मेस्त्रींचे माप होते दोन पाने चघळून होईपर्यंत. मी पान खात नव्हते. माझे माप सकाळच्या स्तोत्राचे एक आवर्तन. दोन्ही मापे जवळजवळ सारखी निघाली, तेव्हा मेस्त्रींनी मांडीवर थाप मारली. "बघा, तुमचा देव आणि माझं पान एकाच घड्याळाचं!" पट्टी बाहेर काढली की, ती साच्याभोवती वळवायला अवघा एक श्लोक म्हणण्याइतका वेळ मिळे. तेवढ्यात वळली तर वळली. नाहीतर ती अशी कडकन मोडे की, भिंतीपलीकडे आई दचके. पहिल्या पंधरवड्यात मी किती पट्ट्या मोडल्या ते मोजले नाही. मेस्त्री म्हणत, "जबरदस्ती करू नगंस. अंगठ्यानं इचार त्येला, येतंयस का म्हणून." आणि एका संध्याकाळी अंगठ्याला खरोखरच कळले. पट्टी आली. लोण्यासारखी, निमूट, साच्याच्या पोटाला चिकटून आली. मी आनंदाने असा चीत्कार केला की, तालमीतली दोन पोरे भिंतीवर चढून बघू लागली.

वाकवलेल्या तीन पट्ट्या एकमेकींना चिकटवायच्या त्या सरसाने. सरस जनावरांच्या कातड्याचा. तो मंद आचेवर शिजत असे तेव्हा मी नाकाला पदर लावी, आणि हात लावायची वेळ आली तेव्हा माझे बोट पुढे जाईना. "सरस नगं, मग काय भात लावू?" मेस्त्री वैतागले. शिवाय सरसाला एक दोष होता. तो पाण्याने सुटे, म्हणून मेस्त्री प्रत्येक झेल्याला चार लोखंडी स्क्रू मारीत. मी विचार करीत घरी आले. आई परातीत पीठ मळत होती, आणि चुलीजवळ तिची जुनी लाकडी काठवट उभी होती. तिला मधोमध एक तडा होता, आणि तो पांढऱ्या लेपाने भरलेला. इतकी वर्षे पाहिला होता, पण दिसला त्या दिवशी. "आई, हे कशाने भरलेस?" "नासक्या दुधाचा चोथा आणि कळीचा चुना. माझ्या आईची रीत. का गं?" मी उत्तर द्यायलाही थांबले नाही. दुसऱ्या दिवशी साय काढलेले दूध नासवून, चोथा धुऊन, पिळून, चुन्याबरोबर खलात घोटला, तर मधासारखा असा चिकट लेप तयार झाला की, खलबत्ताच उचलून यावा. मेस्त्रींनी बोटावर घेऊन पाहिला, हुंगला आणि पट्ट्या पुढे सरकवल्या. पट्ट्या चिकटवून आठवडाभर बांधून ठेवल्या, आणि सोडल्या तेव्हा कडेवर कान लावून टिचकी मारली. एकच आवाज आला, अखंड. दांडा फणसाच्या लाकडाचा केला, आणि तो कडेला जोडायला बांबूच्या खुंट्या. एक स्क्रू नाही, एक खिळा नाही.

राहिली जाळी. बापूसाहेबांची जुनी तक्रार होती की, सुतळीच्या जाळीने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर सोलून निघतो, आणि सोडलेला मासा पुढे मरतो. "ल्हान पोराच्या झबल्याचं सूत पायजे," असे ते म्हणत. मेस्त्रींनी हे सांगितले, आणि माझ्या डोळ्यांपुढे माझ्या टोपलीतल्या लडी उभ्या राहिल्या. येथे माझी चूक झाली. आज वयाच्या उतरणीवरून पाहते, तर चूक कुठे होती हे बोट ठेवून दाखवता येत नाही, पण झाली हे खरे. मी मनाशी म्हटले, अजून या सुताचे जानवे झालेले नाही, त्यावर मंत्र पडलेला नाही, तोवर ते सूतच आहे. श्रावणीला अजून अवकाश आहे, कातून भरून काढीन. बांबूच्या सपाट सुईने, मेस्त्रींनी दाखवलेल्या गाठीने, मी एकेक घर करीत झोळी विणली. आणि ती विणतानाही, सवयीने, आधी हात धूत होते आणि नाम घेत होते.

पाडव्याच्या सकाळी मी तो पूर्ण झालेला झेला घरी आणला आणि, हे आता सांगताना कानाच्या पाळ्या तापतात, सरळ देवघरात देवांपुढे ठेवला. मी केलेली पहिली सुरेख वस्तू. ती दुसरीकडे कुठे ठेवणार? नाना पूजेला आले. त्यांनी कडेवरून हात फिरवला, आणि क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर मी जी वाट पाहत होते ती प्रसन्नता आली. मग त्यांचा हात जाळीवर गेला. त्यांनी एक धागा अंगठ्याखालून सरकवला. तसाच, जसा श्रावणीला सरकवीत.

"हे सूत कुठले?"

"माझेच, नाना. टोपलीतले."

"आणि ही वस्तू कशाची?"

मी सगळे सांगितले. बापूसाहेब, त्यांची माळ, मासा सोडून देणे, एका दमात. नानांनी हातातला धागा सोडला. "सोडण्यासाठी आधी धरावा लागतो ना?" ते म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही. तो कधीच चढत नसे, आणि तेच कठीण असे. "यंदाच्या श्रावणीचे सूत मी विकत आणीन."

स्वयंपाकघरात आईच्या हातातली पळी थांबल्याचे मला ऐकू आले. पूजा झाली, पुरणपोळी झाली, नाना माझ्याशी नेहमीसारखे बोलले. पण त्या दिवसापासून मी टकळी घेऊन बसले की, 'हात धुतलेस का' हा प्रश्न आला नाही. शिक्षा एवढीच होती. झेला मी मेस्त्रींच्या आढ्याला टांगून आले.

वैशाखात आम्ही नेहमीप्रमाणे आमच्या मूळ गावी गेलो. भोगावतीच्या काठी महादेवाचे लहान देऊळ, आणि घाटाखाली एक डोह. तिथे नाना सात दिवस पुराण सांगत. मी श्लोक म्हणे, ते अर्थ सांगत. त्या डोहातले मासे देवाचे. मोठमोठे खडस, रुपयाएवढे खवले; त्यांना कुणी धरत नसे, लोक लाह्या टाकीत आणि ते हातभर अंतरावर येऊन तोंडे उघडीत. त्यांतला सर्वांत मोठा, मिशाळ, सगळ्यांना ढकलून पुढे येणारा, त्याला गावाने पाटील असे नाव ठेवले होते. आणि गावचे खरे पाटीलसुद्धा त्याला लाह्या टाकताना "घ्या पाटील" असे म्हणत.

त्या वर्षी आम्ही पोहोचलो, तर नदी डोहापासून तुटलेली. वाहते पाणी दोनशे पावले खाली, एका कोंडीत, म्हणजे खडकातल्या खोल खळग्यात. आणि डोहात गुडघा-मांडीइतके, हिरवे, कोमट पाणी उरलेले. मासे वर येऊन हवा खात होते. पहिल्या दिवशीच दोन पांढरी पोटे वर आलेली दिसली. पुराणाला बसलेल्या माणसांचे लक्ष नानांकडे नव्हते, नदीकडे होते.

"उचलून खाली न्या," नाना गुरवाला म्हणाले.

मारुती गुरव म्हातारा, करडा. "कसं न्यायचं, शास्त्रीबुवा? देवाच्या माशाला लोखंड लावायचं न्हाय, आन् मानसाचा हात लावायचा न्हाय. सुतळीचं जाळं टाकलं तर अंग सोलून निघतंय. माझ्या बापानंबी असा उन्हाळा बघितला न्हवता."

"मग मरू द्यायचे?"

"मी कुठं म्हणतोय? तुमी शास्त्र बघा की."

नाना पाण्याकडे पाहत उभे राहिले. तेवढ्यात तिसरा मासा उलटला. मी त्यांच्या मागे उभी होते.  बोलायचे धाडस मला झाले नाही. ते मागे न वळता म्हणाले, "सुमती, तुझ्या त्या वस्तूला लोखंड आहे का?"

"नाही, नाना. बांबूच्या खुंट्या. आणि दुधाचा लेप."

"अकराची एस.टी. आहे."

मी धावले. आईने दशम्यांचे पुडके हातात कोंबले ते एस.टी.च्या खिडकीतून. कोल्हापूरला उतरून मंगळवार पेठेपर्यंत मी चालले की पळाले ते सांगता येत नाही. मेस्त्रींनी सगळे ऐकले, अंगात सदरा अडकवला आणि स्वतःचे दोन झेले काढले. मग त्यांतले स्क्रू आठवून तोंडातल्या तोंडात काही बोलत ते परत टांगले. "तुझा एकलाच चालंल. पर अक्का, ह्यो घटकाभराच्या वर पाण्यात ऱ्हायलेला न्हाय. दूध हाय त्ये. टिकंल व्हय?" परतीच्या वाटेवर गर्दीत झेला डोक्यावर धरून मी उभी होते, आणि कंडक्टर ओरडत होता, "ओ बाई, छत्री मिटा की!" दशम्या मेस्त्रींनीच खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी उजाडताच, पाणी गार होते तेव्हा, सगळे गाव घाटावर जमले. गुरवाने झेला हातात घेऊन उलटसुलट पाहिला, खुंट्या मोजल्या, जाळी चिमटीत धरली. "सूत कशाचं म्हनायचं ह्ये?"

मी खाली पाहिले. हे उत्तर मला द्यावेसे वाटत नव्हते, आणि खोटे तर बोलता येत नव्हते.

"जानव्याचे," नाना म्हणाले. मोठ्याने म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असे. "माझ्या मुलीने नेमाने कातलेले आहे."

गुरवाने नानांकडे पाहिले, मग माझ्याकडे. "मंग आडवतंय कोण?" असे म्हणत त्याने झेला पिंडीपुढे टेकवून आणला.

मी पदर खोचून पाण्यात उतरले. काठावरून कुणीतरी म्हणाले, "शास्त्रीबुवांची लेक मासं धरतीया रं!" आणि मेस्त्रींनी तिथल्या तिथे उत्तर दिले, "धरत न्हाय, झेलतीया! डोळं हायत न्हवं?" खाली मोठे तांब्याचे घंगाळ पाण्याने भरून, बांबूला टांगून, दोघे गडी उभे. पहिला मासा मी माझ्या अंगठ्याला विचारूनच घेतला. झेला पाण्याखाली सरकवला, थांबले, आणि तो आपण होऊन आत आला. वर उचलताना त्याचे वजन दांड्यातून खांद्यापर्यंत आले, आणि मला वाटले, नदीनेच माझ्या हातात काही ठेवले. घंगाळात सोडला, गडी पळाले, कोंडीजवळून हाक आली, "गेला! पळाला बघा!" मग दुसरा, मग तिसरा. लोक मोजू लागले, मग मोजायचे सोडून नुसते ओरडू लागले. प्रत्येक वेळी मेस्त्री काठावरून कडेवर टिचकी मारायला सांगत, आणि मी मारी, आणि तोच अखंड आवाज येई. दूध टिकत होते. माझे हात भरून आले होते, पाय चिखलात रुतत होते, आणि आयुष्यात इतकी सुखी मी क्वचितच होते.

ऊन वर येऊ लागले, डोहात पाटील एकटाच उरला. त्याला आपण कोण आहोत ते माहीत असावे. तीनदा त्याने मला हुलकावणी दिली. चौथ्यांदा आला, आणि उचलताना त्याने अशी उसळी मारली की, जाळी टरकन फाटली. पाटील पाण्यात, आणि माझ्या झेल्याला उजव्या अंगाला मूठभर भोक.  माझ्याजवळ बांबूची सुई होती, सूत नव्हते. गावात सुतळी होती. ती चालणार नव्हती.

"सूत!" मी ओरडले. कुणाला ते मला ठाऊक नाही.

नाना घाटाच्या शेवटच्या पायरीवर आले. त्यांच्या झोळीत नेहमी एक नवे जानवे असे, प्रवासात जुने तुटले तर असावे म्हणून. हळद लावलेले, मागच्या श्रावणीचे, माझ्याच हातचे. त्यांनी ते काढले. दोन्ही हातांत धरून क्षणभर तसेच उभे राहिले, ओठ हलले. मग त्यांनी ब्रह्मगाठ सोडली, पदर मोकळे केले, धोतर भिजू देऊन पाण्यात दोन पावले उतरले आणि ते पिवळे सूत माझ्या हातात दिले.

"गाठ पक्की मार," एवढेच म्हणाले.

मी सुईत सूत ओवले. चार घरे विणली. नाना तसेच पाण्यात उभे, दांडा धरून. आणि पाचव्या खेपेला पाटील आला, कदाचित दमला असेल, कदाचित त्याला आमची दया आली असेल, आणि जाळीत आडवा झाला. त्याचे वजन एकटीला पेलेना. नानांनी दुसऱ्या बाजूने कडेखाली हात घातला. घंगाळात तो मावेना, म्हणून आम्ही दोघांनी तो तसाच झेल्यात धरून, गुरव वरून घागरीने पाणी ओतत असताना, दोनशे पावले पळवत नेला. माझे नाना पळाले! मी त्यांना त्याआधी कधी पळताना पाहिले नव्हते, नंतरही नाही. कोंडीत झेला बुडवला. पाटील क्षणभर तसाच राहिला, मग एक शेपटी आम्हा दोघांच्या तोंडावर मारून खोल गेला. नाना ओल्या चेहऱ्याने हसत होते. मेस्त्री मागून धापा टाकत आले, आणि त्यांनी कुणालाही न विचारता वाकून कडेवर टिचकी मारली.

आम्ही घरी परतलो. ज्येष्ठ गेला. आषाढात एका दुपारी मी परसवाच्या दारात बसले होते, तेव्हा ते बाहेरून आले आणि माझ्यापुढे सरकी काढलेल्या कापसाची टोपली ठेवली, नेहमीपेक्षा दुप्पट.

"विकतचे सूत पाहिले. खरखरीत आहे," ते म्हणाले. "यंदा जरा जास्त कात."

"इतके कशाला, नाना?"

"श्रावणीला लागेल. तुझ्या कामालाही लागेल. दोन्हींचे वेगळे कातू नकोस."

मी टकळी घेऊन बसले. हात धुतले होते, चूळ भरली होती. नाना घडवंचीवर पोथी उघडून वाचू लागले. दोन हात सूत उतरले असेल-नसेल, तोच भिंतीपलीकडून तातोबा मेस्त्रींची आरोळी आली, "अक्का! ए अक्का! धामण आलीया, काय सरळ काडी हाय बघायला ये!" मी नानांकडे पाहिले. त्यांनी पान उलटले. मी टकळी हळूच टोपलीत ठेवली, उठले आणि भिंतीकडे निघाले.

"सुमती," पोथीतून मान वर न करता नाना म्हणाले, "हात धुऊन जा."